हापशाला कुलूप

"शांती ठेवा" हे दोन शब्द मी आयुष्यात जितके ऐकले तितकं माझं स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. ऐकवणारे एकच, आमचे घरमालक. दूध उतू गेलं, शांती ठेवा. पोरगं ओट्यावरून पडलं, शांती ठेवा. एकदा मला विंचू चावला, मी अंगणात गडाबडा लोळून राहिले, तर हे दारात उभे राहून म्हणतात, "बाई, आधी शांती ठेवा. मग औषध बघू." त्या विंचवापेक्षा मला त्यांचाच राग जास्त आला होता.

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. सख्खे नाहीत, चुलत नाहीत, कसलेच मामा नाहीत. मिशनच्या बोर्डिंगात त्यांनी उभा जन्म स्वयंपाक केला. तिथली पोरं त्यांना मामा म्हणत, तेच नाव पुढे गावभर झालं. म्हातारपणी त्यांनी मिशनच्या जुन्या आवाराला लागून खोल्या बांधल्या, मधे अंगण, अंगणात एक लिंब आणि लिंबाखाली हापसा. मागच्या मोठ्या दुष्काळात तिथं बोअर मारलेला होता. मामा म्हणजे उंच, वाळलेला माणूस. अंगात बाराही महिने काळा कोट. वैशाखात लातूरचं ऊन कसं असतं ते मी सांगायला नको, पण ह्यांचा कोट गळ्यापर्यंत बंद. मला त्या कोटाकडं बघूनच घाम फुटायचा.

लातूर तेव्हा नुकतं उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झालं होतं. आमचे हे कचेरीत शिपाई, कंधारहून बदली होऊन आले. गावात जिकडे बघावं तिकडे खडी, मुरूम, ओल्या रंगाच्या पाट्या आणि आमच्यासारखी बोचकी घेऊन खोली हुडकणारी माणसं. मामांनी आम्हाला दोन खोल्या दिल्या त्या आम्ही ख्रिस्ती म्हणून, असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. एका बाजूला उदगीरकडची लिंगायत अक्का, नवऱ्याचं किराणा दुकान. दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणाऱ्या चाचांचं घर, त्यांच्या बायकोला आम्ही खाला म्हणायचो. मामांनी भाडेकरूंना जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. एकच विचारलं, "सांजेला गप बसता येतं का?"

मला वाटलं, म्हातारा गंमत करून राहिला.

गंमत नव्हती. आम्ही सामान घेऊन आलो त्याच संध्याकाळी कळलं. लिंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. ऊन लिंबाच्या शेंड्यावरून उतरलं की मामा मोठ्या खिळ्यानं त्याच्यावर टोला हाणत. टोला पडला की आवारात सगळं बंद. रेडिओ बंद, शिलाई मशीन बंद, पाटा-वरवंटा बंद, हापसा बंद, तोंड बंद. दुसरा टोला पडेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. त्या दिवशी आमचा हमाल पाठीवर लोखंडी कपाट घेऊन दारात आला आणि नेमका टोला पडला. मामांनी हात वर केला. हमाल बिचारा कपाटासकट वाकून उभा. आमचे हे एका बाजूनं कपाटाला टेका देतायत, मी दुसऱ्या बाजूनं. दुसरा टोला पडल्यावर तो हमाल मला म्हणाला, "बाई, हितं राहू नका. मालक सरकलेला हाय."

राहिलो खरं. तेवढ्या भाड्यात दोन खोल्या नव्या जिल्ह्यात कुठं मिळणार?

गंमत अशी, की त्या गप्प बसण्याची तक्रार आवारात कुणाचीच नव्हती. अक्काची इष्टलिंगाची पूजा त्याच वेळेला, तिला बरंच झालं. खाला म्हणायची, "हमारी मगरिब की नमाज भी इसीच टैम कू, अपने कू क्या." तक्रार एकटी माझी, आणि आवारात मामांशिवाय ख्रिस्ती आम्हीच. आता मी काय देवाला न मानणारी आहे का? रविवारी चर्चला जाते, गीतं म्हणते, घरी निजताना प्रार्थना करते. पण ऐन सांजेला, चूल पेटवायची, पोरं भुकेजलेली, कणीक भिजवायला पाणी हवं, तेव्हा मुक्यासारखं बसायचं? देवानं तरी बाईमाणसाकडून ते का मागावं?

मामांना हे बोलून काही उपयोग नसायचा. त्यांच्याकडं एकच गोष्ट, आणि ती सगळ्यांवर लागू. प्रभू होडीत झोपले होते, वादळ आलं, शिष्य घाबरले, आणि प्रभू मात्र उशीवर डोकं ठेवून निवांत. "बघा बाई, केवढी शांती."

मी म्हणायची, "मामा, प्रभू झोपले होते ते खरं. पण होडीत पाणी शिरत होतं ते कुणीतरी उपसत असंलच की. सगळेच झोपले असते तर?"

ह्यावर ते मान हलवायचे आणि आत निघून जायचे. म्हणजे मी मूर्ख.

एकदा तर कहर केला. कचेरीकडं जाणारा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडाशी रुंद करत होते. सांजेला रोड रोलर धडधडत आला. मामा टोला हाणून निघाले ते थेट रोलरच्या पुढं जाऊन उभे. कोट घातलेला म्हातारा आडवा आलेला बघून ड्रायव्हरला वाटलं, कचेरीतला कुणी मोठा साहेबच असणार. त्यानं घाबरून इंजिन बंद केलं. मामांनी त्याला सलाम केला आणि ओठावर बोट ठेवलं. झालं, रोलर गप्प, गल्ली गप्प. दुसरा टोला पडल्यावर ड्रायव्हरनं इंजिन चालू करायला घेतलं तर ते काही केल्या चालू होईना. रोलर तिथंच मुक्कामाला राहिला. नव्या जिल्ह्याचा रस्ता असा आमच्या मालकापायी खोळंबला, आणि बोलणी खाल्ली आमच्या ह्यांनी, कारण साहेबाला कळलं, शिपाई त्याच आवारात राहतो.

ह्या सगळ्यात मामींबद्दल मी बोललेच नाही. बोलण्यासारखं आम्हाला माहीतच काही नव्हतं. मामांची बायको आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. आम्ही येण्याआधीच अंगावरून वारं गेलेलं, एक बाजू लुळी, वाचा गेलेली. मामाच सगळं करायचे, न्हाऊ-माखू घालणं, भरवणं, अंथरूण बदलणं. कुणाला आत येऊ देत नसत. आम्ही बायका काही करून पाठवलं तर दारातच भांडं घेत, धुऊन परत करत, आणि म्हणत, "शांती असो." दार बंद.

मग पाऊस गेला. एक साल कोरडं गेलं, पुढचं सालही कोरडंच गेलं. अक्का म्हणायची, "जिल्हा आला गं, पाणी न्हाई आलं." नळ तर नावालाच होता. टँकर यायचा कोपऱ्यावर, कधी येईल त्याचा भरवसा नाही. हापसा दिवसभर करकरायचा. त्या हापशाचा आवाज म्हणजे काय, कानात सुई घातल्यासारखा. दहा माणसं मारून दमली की एक घागर, तीही गढूळ. लोक मग सांजेला, मामांच्या वेळेतही हापसायला लागले. आमच्या आवारातले नाही, बाहेरचे. मामांनी काय केलं असेल? दांड्याला साखळी घातली आणि कुलूप लावलं. टोला पडला की कुलूप, दुसरा टोला पडला की उघडं. किल्ली कमरेच्या दोऱ्याला.

दुष्काळात पाण्याला कुलूप! माझं डोकंच फिरलं. चर्चमधे पाळकांना सांगितलं, त्यांनी मामांना बोलावून समजावलं. मामा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, बाकी सगळा दिवस लोकांचा हाय. एवढी वेळ माझी."

आणि त्याच उन्हाळ्यात आमची एस्तेर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिलेली भोकरकडं, सासर शेतकरी. विहीणबाई तोंडाच्या खमक्या. त्यांचं म्हणणं होतं, आमच्याकडं विहिरीला पाणी आहे, शहरात कुठं पाठवायची पोरगी, तिथं बाळंतिणीला न्हाऊ घालणार कशानं? मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते, "आमच्या आवारात मालकाचा हापसा हाय, काळजी नगं." पहिलं बाळंतपण आईच्या हाताखाली झालं नाही तर लेकीचं मन आयुष्यभर कुढतं. माझं झालं नव्हतं, म्हणून मला ते माहीत. काही झालं तरी एस्तूला परत पाठवायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

इकडं अक्का आणि खालाच्या डोक्यात वेगळंच चाललेलं. मामांच्या दोरीवर रोज धुतलेल्या चादरी वाळत असायच्या. रोज. आम्ही भांडी राखेनं पुसून राहिलो आणि ह्यांच्या चादरी पांढऱ्याफेक. खाला म्हणाली, "पानी किधर से आता?" अक्का म्हणाली, कुलूप लावून म्हातारा आतल्या आत पाणी ओढून घेतो, पाइप टाकला असेल. मी म्हटलं, असं करायचे नाहीत. पण म्हणता म्हणता मलाही वाटायला लागलं, ती सांजेची वेळ म्हणजे नक्की काय आहे? एवढी कसली प्रार्थना, की कुणी बघायचं नाही?

आणि एके दिवशी विहीणबाई न कळवता भोकरहून एसटीनं आल्या. सुनेला बघायला. धुळीनं माखलेल्या, ओठ वाळलेले. त्या दिवशी टँकर आलेला नव्हता. माठात तळाला होतं ते एस्तूनं नुकतंच पिऊन टाकलं होतं. घरात थेंब नाही. विहीण दारात आली आणि पायावर घालायला पाणी नाही, ह्यापेक्षा वाईट काय असतं सांगा. मी घागर घेऊन हापशाकडं पळाले आणि टोला पडला. माझ्या देखत मामांनी साखळी घातली, कुलूप लावलं, आत गेले, दार लोटलं.

मी परत आले. विहीणबाई ओट्यावर बसलेल्या. त्यांनी रिकाम्या घागरीकडं बघितलं. हळूच म्हणाल्या, "एस्तेर, पिशवी भर. सकाळच्या गाडीनं जाऊ." एस्तूनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी, आणि पोटावर हात.

मी काही विचार केला नाही. अंगण ओलांडून गेले आणि मामांचं दार ढकललं.

आत पाइप नव्हता. खाटेवर मामी. एवढीशी, चिमणीसारखी. तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं. मामा जमिनीवर गुडघे टेकून बसलेले, कोट काढून ठेवलेला, अंगात नुसती फाटकी बंडी. त्यांचा कान मामीच्या तोंडाशी. डोळे मिटलेले. मला वाटलं, तिचा श्वास बघून राहिले.

मग मला ऐकू आलं. मामी गात होती. शब्द नव्हते, नुसती चाल, तीही तुटकी, घशातल्या घशात, भिंतीपलीकडं कुणी बाळाला थोपटत असावं तेवढी बारीक. बोर्डिंगात संध्याकाळी पोरी म्हणायच्या ते गीत. लहानपणी ऐकलेलं, म्हणून मला चाल ओळखू आली. एक ओळ व्हायची, मधेच तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. मामांनी डोळे न उघडता माझ्याकडं एक हात वर केला. त्या हमालाला केला होता तसाच. मी कपाट पाठीवर असल्यासारखी उभी राहिले.

ओळ शेवटी एकदा पूर्ण झाली. मामीनं आमेनसारखं काहीतरी म्हटलं आणि गप्प झाली. मामांनी तिचं तोंड ओल्या फडक्यानं टिपलं, कोट चढवला, बाहेर जाऊन टोला दिला.

मी त्यांच्यामागं गेले. माझा राग कुठं गेलेला नव्हता, उलट वाढला होता. मी म्हटलं, "मामा, आधी सांगायला काय झालं होतं?"

ते कुलूप काढून राहिले होते. म्हणाले, "काय सांगायचं बाई? वाचा गेली तिची. पण सांजेला आपोआप येतं. मागनं हापसा करकरला की थांबती. मग दुसऱ्या दिवसापर्यंत न्हाई."

"अहो, पण सांगितलं असतं तर आम्ही गप नसतो का बसलो?"

"बसला असता. पण दया केली असती तुम्ही बायांनी. दया लई बोलती, बाई. दारात येऊन बसती. मला नुसतं गप पाहिजे होतं."

"आणि ती शांती ठेवा, शांती ठेवा? दिवसभर आमच्या डोक्यावर?"

मामा साखळी हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "ती माझी न्हाई. मी लई घाबरट माणूस हाय. ती तिच्याकडची. ती असं पडून पण देवाचं गाती, ते ऐकलं की दिवस निघतो माझा. दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत ती शांती पार संपून जाती. म्हणून तर टोला चुकू देत न्हाई."

मग त्यांचं लक्ष माझ्या ओट्यावरच्या पाहुणीकडं गेलं. ते आत जाऊन झाकलेली एक कळशी घेऊन आले. "विहीणबाई दिसतात. पायावर घाला." मी कळशी घेतली तेव्हा मला त्या कोटाचा वास आला आणि सगळं कळलं. त्यांच्या वाटणीचं आंघोळीचं पाणी त्या चादरींना जात होतं. कितीतरी महिन्यांचं. कोट आधीपासूनचाच, पण आता तो बिनआंघोळीचं अंग झाकायच्या कामी आला होता. अक्काला आणि खालाला मी हे सांगितलं तेव्हा दोघीही माझ्याकडं न बघता आपापल्या दारातलं झाडायला लागल्या.

आता विहीणबाईंचं ऐका. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायल्या, उठल्या आणि स्वतः जाऊन हापसा मारला. थोडंसंच हापसलं आणि पाणी आलं, स्वच्छ. सकाळी त्याच हापशातून चिखल येत होता. त्या मला म्हणाल्या, "कुलूप कोण घालतं?" मी म्हटलं, मालक. तशा त्या खुलल्या. "शहाणा माणूस हाय. आमच्याकडं पण विहिरीला मधे विसावा देतात. झरा धरू द्यावा लागतो. चोवीस तास ओढलं की विहीर मरती." आणि सुनेला म्हणाल्या, पिशवी ठेव आत.

त्या माणसाला झरा-बिरा काही कळत नव्हतं. आयुष्य वरणाच्या पातेल्यापुढं गेलेलं. पण एस्तू राहिली, आणि मी गप्प बसले. गप्प बसायची सवय झालीच होती.

खालानं चाचांच्या शिलाई मशीनचं तेल आणून हापशात ओतलं. करकर बरीच कमी झाली. मला वाटलं, आता तरी कुलूप निघेल. मी मामांना जाऊन सांगितलं, वाजत नाही आता. त्यांनी हापसा मारून बघितला, कान लावला आणि म्हणाले, "पण घागर वाजती की." कुलूप तसंच. ह्या माणसाबरोबर कुणी कसं नांदावं?

एस्तूला मुलगी झाली. दवाखान्यातून आणली त्या दिवशी मामांनी दारात उभं राहून लांबूनच बघितलं. रोज सकाळी आमच्या दारापुढं एक घागर भरून ठेवलेली असायची. कुणी ठेवली विचारलं तर शांती असो.

पाऊस यायच्या आधी मामी गेली. एका दुपारी, झोपेतच. पाळक आले, चर्चची माणसं आली, कबरस्तानातली जमीन इतकी कडक झालेली की खणणाऱ्यांचे हात सोलले. मामा सगळीकडं कोट घालून उभे. कुणी रडलं की म्हणत, "शांती ठेवा." मला वाटलं, चला, निदान ह्याच्याकडं उरलीय.

दुसऱ्या दिवशी सांज झाली. ऊन लिंबावरून उतरलं. टोला पडला नाही. हापशाशी बायका घागरी घेऊन उभ्या, आमच्या आणि बाहेरच्याही. कुलूप उघडं, साखळी खाली लोंबतेय. पण दांड्याला कुणी हात लावेना. अक्का माझ्याकडं बघते, मी खालाकडं. मामा आपल्या पायरीवर बसलेले. अंगात कोट नव्हता.

मी जवळ गेले. म्हटलं, "मामा, वेळ झाली. टोला द्या की."

"कशाला? आता काय ऐकायचं हाय?"

"लोक खोळंबलेत."

"भरू द्या त्यांना पाणी." मग म्हणाले, "माझ्यापाशी आता शांती न्हाई बाई. मागू नका."

इतकी वर्षं तो शब्द ऐकून माझं डोकं उठलं होतं, आणि आता म्हणतात, नाही माझ्यापाशी. असा राग आला मला! म्हटलं, असं कसं नाही? आम्ही कपाटं पाठीवर घेऊन उभे राहिलो, आमचा रोलर खोळंबला, आमच्या चुली थांबल्या, ते काय फुकट? मी कडेवरची नात एस्तूच्या हातात दिली, कोनाड्यातला खिळा उचलला आणि रुळावर हाणला. हाताला झिणझिण्या आल्या.

आवार बसलं. अक्का तिच्या उंबऱ्याशी, खाला आत चटईवर, बाहेरच्या बायका घागरींना टेकून. मी मामांच्या पायरीखाली जमिनीवर बसले. खरं सांगते, मी प्रार्थना वगैरे काही केली नाही. मामीची ती चाल आठवायचा प्रयत्न करून राहिले होते. एक ओळ यायची आणि तुटायची.

तेवढ्यात नात रडायला लागली. भूक लागलेली, टाहोच फोडला तिनं. एस्तू लगबगीनं उठली, तिला आत न्यायला. मामांनी हात वर केला.

"राहू द्या," ते म्हणाले. "ऐकू येऊ द्या."

एस्तू तिथंच थांबली, पदराखाली घेतलं तिला. रडणं हळूहळू कमी झालं, मग चुटूचुटू आवाज, मग तोही नाही. मामा मान तिरकी करून, कान तिकडं देऊन बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

दुसरा टोला कुणी द्यायचा, कुणालाच कळेना. शेवटी मामा उठले, आत जाऊन कोट घालून आले, माझ्या हातातला खिळा काढून घेतला.

"मधे मारला तुम्ही," ते म्हणाले. "मधे मारला की आवाज फुटका येतो. कडेला मारायचा असतो. एवढी वर्षं ऐकता, ध्यानात आलं न्हाई?"

"शांती ठेवा, मामा," मी म्हटलं, आणि घागर घेऊन हापशाकडं गेले.